थीम बार आणि जास्तीचा रस्सा

जळगावहून धुळ्याकडे निघालं की एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावं लागतात, आणि गावांच्या मधल्या मोकळ्या रानात जिराफ लागतात. सिमेंटचे. पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके, एक कान उडालेला, गळ्यात दिव्यांची माळ. जिराफ दिसला की ओळखायचं, आत परमिट रूम आहे. शेजारी घसरगुंडी, दोन झोके, एक कोरडं कारंजं, जाळीत चार ससे आणि ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र बैठक व्यवस्था’ अशी पाटी. जगात इतरत्र करमणूक उद्यान आधी झालं आणि त्यात बार मागाहून शिरला. खान्देशात बार आधी होता, उद्यान त्याच्या अब्रूसाठी बांधलं.

या व्यवस्थेचं अर्थशास्त्र फार सुरेख आहे. नवरा गाडी वळवता वळवता म्हणतो, “पोरांना जरा झोका खेळू दे, किती वेळची बसलीत.” पोरं झोक्यावर जातात, बायको स्वतंत्र बैठकीत बसते, आणि नवरा ‘हात धुऊन येतो’ म्हणून उठतो तो अर्ध्या तासानं बडीशेप चघळत येतो. इतका वेळ हात धुणारा माणूस स्वच्छतेच्या बाबतीत आदर्शच म्हणायचा. बायकोला सगळं माहीत असतं. ती तेवढ्या वेळात शेवभाजी, पापड, दाल फ्राय असं सगळं मागवून ठेवते आणि बिल त्याच्याकडे सरकवते. झोका फुकट, ससे फुकट, जिराफासोबत फोटो फुकट. कमाई बाटलीवर आणि रोट्यांवर. आणि शेवभाजीचा रस्सा पुन्हा मागितला तर वेटर वाटी भरून आणून ठेवतो, बिलात लिहीत नाही. या शेवटच्या कलमाकडे लक्ष असू द्या. माझ्या भाच्यानं दिलं नाही.

भाचा पुण्यात असतो. तिथे तो ‘एक्सपीरियन्स’ विकण्याचे सल्ले देतो. म्हणजे नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. ती ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर भागवते. झालं असं की माझे स्नेही आबा यांची पारोळ्याच्या पुढे हायवेला लागून जमीन. कपाशीनं सलग दगा दिलेला, त्यात कुणीतरी कान भरले की वॉटर पार्क टाका. आबांनी मला विचारलं, मी भाच्याला फोन केला, आणि तो लॅपटॉप घेऊन थेट वावरात हजर झाला. खळ्यावर खाट टाकली. खाटेवर लॅपटॉप, समोर आबा.

“आबा, वॉटर पार्क सगळेच काढतात,” भाचा म्हणाला. “आपण पार्कात थीम बार काढू.”

“हाई काय शे भो?” आबांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

मग भाच्यानं अमेरिका काढली. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं. तिथे एक खासगी क्लब सोडला तर सामान्य गिऱ्हाइकाला दारूचा थेंब मिळत नसे. चौसष्ट वर्षं त्यांनी दम धरला. मग ३१ मे २०१९ रोजी ‘स्टार वॉर्स’ या सिनेमांच्या नावानं नवा विभाग उघडला आणि त्यात ‘ओगाज कॅन्टिना’ हा बार. परग्रहावरचा गुत्ता असावा तसा. गाणी लावायला यंत्रमानव. पेयांची नावं अशी की मागवताना जीभ अडखळावी. जागा आधी राखून ठेवायची, आत गेल्यावर पंचेचाळीस मिनिटं मिळणार आणि माणशी दोनच पेयं. तरीही लोकांच्या उड्या.

आबा ऐकत होते. पंचेचाळीस मिनिटांवर ते अडले.

मीही अडलो. आमच्याकडे पंचेचाळीस मिनिटांत माणूस फार तर बसतो. पहिली दहा मिनिटं टेबल ठरवण्यात जातात, कारण पंख्याखालच्या टेबलाशेजारी साडूचा मित्र बसलेला असतो. पुढची दहा ‘कोण घेणार, कोण नाही’ यात. जो ‘मी आज घेणार नाही’ म्हणतो त्याला आग्रह करायला आणखी दहा. तो शेवटी सगळ्यांपेक्षा जास्त घेतो ते वेगळं. उरलेल्या वेळात शेंगदाणे येतात. मग कुणीतरी म्हणतं, “हं, आता सांगा, काय विषय होता?” त्याच वेळी यंत्रमानव येऊन वेळ संपल्याचं सांगू लागला तर खान्देशात त्या यंत्रमानवाचं आयुष्य फार नाही.

“बरं, ते राहू द्या,” भाच्यानं पुढचं चित्र लावलं. “हे ऑर्लंडो. २०१० मध्ये इथे हॅरी पॉटरचं गाव उभं केलं. गोष्टीतली बटरबिअर तिथे खरोखर विकतात. आणि गंमत म्हणजे तिच्यात दारू अजिबात नाही.”

“मंग पेतस कसाले?” आबा.

“मगासाठी, आबा! साध्या कपात एक भाव आणि आठवणीचा मग घेतला तर बराच चढा भाव. लोक मग घरी घेऊन जातात.”

आबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळखीचं हसू आलं. हायवेवर त्यांच्या चुलतभावाचा ढाबा आहे. तिथूनही लोक स्टीलचे पेले घरी नेतात. फक्त बिलात धरत नाहीत.

थीम कोणती घ्यावी यावर बराच खल झाला. भाच्याची पहिली पसंती ‘गावाकडची थीम’. खाटा, कंदील, बैलगाडीचं चाक, भिंतीला शेणाचा रंग, शेण मात्र नाही. आबांना ही कल्पना समजायला वेळ लागला, कारण ते ज्या खाटेवर बसून ती ऐकत होते तिच्यासकट ते स्वतःच थीममध्ये बसलेले होते. गेल्या दिवाळीला त्यांच्या सुनेनं घरातल्या दोन खाटा भंगारवाल्याला देऊन सोफा आणला. भाचा सांगत होता की तशाच खाटा पुण्यात आता सोफ्यापेक्षा महाग मिळतात. आबा उठून घरात गेले. आतून सुनेशी काही बोलणं झाल्याचा आवाज आला. परत आले ते गप्प होते.

मग मी इतिहास काढला. निवृत्त माणसाजवळ दुसरं काय असतं?

खान्देशाला एक थीम फुकटात मिळालेली आहे आणि ती कुणी वापरलेली नाही. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला, फारुकी सुलतानांची दोनशे वर्षांची गादी बुडाली आणि हा मुलूख शाहजादा दानियालकडे आला. बापानं सगळ्या सुभ्याचं नावच बदलून ‘दानदेश’ करून टाकलं. चौकातल्या फ्लेक्सवर मुलाचा फोटो लावून ‘युवा नेतृत्व’ लिहिणारे बाप आपण पाहतो. अख्ख्या प्रांताला मुलाचं नाव देणारा हा एकच. तर हे युवा नेतृत्व बऱ्हाणपुरात बसून इतकं पिऊ लागलं की आग्र्याहून बंदी आली. पहारे बसले. बाटली आत जाईना. मग शाहजाद्यानं आपल्या विश्वासू बंदूकवाल्यांना गळ घातली, आणि त्यांनी त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून आत नेली. नळीतला गंज आणि जळक्या दारूगोळ्याची राख त्या दारूत उतरली. ती पिऊन १६०५ मध्ये दानियाल गेला. हा किस्सा त्याच्या मोठ्या भावानं, जहांगीरनं, आत्मचरित्रात हळहळून लिहिला आहे. त्याच आत्मचरित्रात आपण स्वतः दिवसाला वीस प्याल्यांपर्यंत कसे पोहोचलो होतो, हेही जहांगीर लिहून जातो. घराण्यात सल्ले द्यायची परंपरा होती, घ्यायची नव्हती.

भाचा उडालाच. “मामा, हे तर सोनं आहे! ‘दानियाल: द दानदेश बार’. बंदुकीच्या नळीच्या आकाराचा ग्लास. साध्या ग्लासात एक भाव, नळीत दुप्पट, नळी घरी न्यायची असेल तर तिप्पट. दारात पहारेकरी उभे. वेटर ती नळी अंगरख्यात लपवून आणणार. लोक रील काढतील!”

आबांनी शांतपणे विचारलं, “पी-पी मरी गया ना तो?”

“हो, पण…”

“ते बी नळीमाधली पिसन?”

भाच्याजवळ उत्तर नव्हतं. ज्याच्या नावानं दुकान काढायचं तो त्याच दुकानातला माल खपवून वारला, ही जाहिरातीची अडचण पुण्याच्या अभ्यासक्रमात नसावी. माझ्या मते मात्र हा आक्षेप तितका गंभीर नाही. खान्देशात ज्यांच्या नावानं पाणपोया आहेत त्यांतले काही मला आठवतात. ते पाण्याला शिवलेले मी तरी पाहिले नव्हते.

थीम बाजूला ठेवून गाडी भावावर आली, आणि इथे खरी मजा आहे. भाच्यानं एक निकाल काढला. सुप्रीम कोर्टानं १२ डिसेंबर २०१७ रोजी सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांनी पाण्याची बाटली छापील किमतीहून जास्त भावानं विकली तर तो गुन्हा नाही. माणूस तिथे नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही. बसण्याची सोय, सेवा, वातावरण हे सगळं तो घेत असतो. “म्हणजे आबा, वातावरणाचे पैसे लावायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची हरकत नाही.”

आता मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या वातावरणाचे पैसे लावायचे झाले तर ते गिऱ्हाइकाला द्यावे लागतील, असं माझं प्रामाणिक मत. आबांचं मत त्याहून सोपं होतं. “वावर आपलं, लिंब आपला, वारा देवना. पैसा कसाना?”

भाच्यानं मग दारूवरचा खर्च मांडला. परमिट रूमची परवाना फी. त्यावर व्हॅट, जो १ नोव्हेंबर २०२३ पासून पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. बिअरसाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत, कडक मालासाठी पंचवीस. म्हणजे ज्याला मत देऊन आमदार निवडता येतो त्याला सात वर्षं व्हिस्की निवडता येत नाही. आणि पिणाऱ्याजवळ स्वतःचा परवाना हवा. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन रुपये. हा सगळा कारभार ज्या कायद्याखाली चालतो तो १९४९ चा दारूबंदी कायदा. पिण्याचा परवाना असतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी. मी भाच्याला म्हटलं, तू उगाच थीम शोधत फिरतोस. महाराष्ट्रातला प्रत्येक बार हा आधीच थीम बार आहे. बाहेर दारूबंदी आहे, आतले सगळे आजारी आहेत आणि वेटर औषध आणून देतोय. पंचाहत्तर वर्षं हे नाटक हाऊसफुल्ल चाललंय, आणि तिकीट पाच रुपये. डिस्नेला हे जमलेलं नाही.

तिकिटावरून आठवलं. डिस्नेलँडलाही सुरुवातीला आपल्या यात्रेसारखंच होतं. आत शिरायचं तिकीट वेगळं आणि पाळण्यांसाठी ए, बी, सी अशा प्रतींच्या तिकिटांची पुस्तकं. साधी घोडागाडी ‘ए’मध्ये, जीव मुठीत धरायला लावणारे खेळ १९५९ पासून ‘ई’मध्ये. ही पद्धत १९८२ पर्यंत टिकली, मग एकच मोठं तिकीट आणि आत सगळं मोकळं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये त्याच वाटेनं सुरू झालं. धुळ्याच्या एकवीरादेवीच्या यात्रेत किंवा तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला जा. आकाशपाळण्याचं तिकीट वेगळं, मौत का कुआँचं वेगळं, आरसे महालाचं वेगळं. मला यात्रेची पद्धत जास्त सभ्य वाटते. पाळण्यात पोटात गोळा आला तर माणूस खाली उतरतो आणि गुळाची जिलबी खातो. एकरकमी तिकीट काढलेला माणूस उतरत नाही. त्याला वसूल करायचं असतं. मी वॉटर पार्कमध्ये आमच्याकडची मंडळी पाहिली आहेत. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी शिट्टी वाजेपर्यंत पाण्यात. बोटं सुरकुतलेली, ओठ निळे, दात वाजतायत आणि तोंडानं “आजून एक चक्कर!”

म्हणून भाचा जेव्हा म्हणाला, “माणशी ७९९, अनलिमिटेड ड्रिंक्स,” तेव्हा आबा आणि मी एकाच वेळी खाटेवरून उठलो.

या माणसानं वरण-बट्टीची पंगत पाहिलेली नाही. आमच्याकडे बट्टीवर तूप वाढताना वाढपी ‘बस’ ऐकेपर्यंत थांबत नाही आणि जेवणारा ‘बस’ म्हणणं कमीपणाचं समजतो. पैजा लागतात. आमरसाच्या वाट्यांचे विक्रम तीन पिढ्या तोंडपाठ असतात. अशा मुलखात ‘पाहिजे तितकी प्या’ हे वाक्य बोर्डावर लिहिणं म्हणजे वावर विकायची जाहिरातच. आबांनी हिशेब बोटांवर केला आणि मुटका दाखवला.

“मग डायनॅमिक प्रायसिंग,” भाचा हरला नव्हता. “म्हणजे मंगळवारी कमी भाव, शनिवारी जास्त. गर्दी पाहून भाव बदलायचा.”

हे मात्र आबांना लगेच पटलं. बैलबाजारात आयुष्य गेलेलं. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि भाव कुणालाच कळत नाही. त्याच बैलाचा भाव सकाळी एक, उन्हं उतरल्यावर दुसरा, आणि गिऱ्हाइकाच्या पायात बूट आहेत की वहाणा यावर तिसरा. आबांची सूचना अशी होती की मेनूकार्ड छापूच नये. वेटरनं खांद्यावरचा रुमाल टेबलावर टाकावा आणि खालून भाव सांगावा. भाचा हसला, मग थांबला, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुण्यात कुठे रुमालाखाली कॉकटेल विकताना दिसलं तर ती कल्पना पारोळ्याची आहे हे ध्यानात ठेवा.

जाहिरातीचं काय करायचं? दारूची जाहिरात करता येत नाही. म्हणून कंपन्या सोडा विकतात, पाणी विकतात, गाण्यांच्या सीडी विकायच्या. आमचे बारवाले जिराफ दाखवतात. भाचा म्हणाला, रील काढणारी मंडळी बोलावू. पण हायवेच्या बारची खरी जाहिरात सुप्रीम कोर्टानं करून ठेवली आहे. १५ डिसेंबर २०१६ चा निकाल, अंमल १ एप्रिल २०१७ पासून, की महामार्गाच्या पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि जळगावच्या पोटातूनच महामार्ग गेलेला. सगळा खान्देश टेप घेऊन रस्त्यावर. शहरातले काही रस्ते राज्याकडून महापालिकेकडे वर्ग झाले की ते महामार्ग उरत नाहीत, असा तोडगा निघाला आणि त्यात जळगावचं नाव राज्यभर गाजलं. रस्ता जागेवरच, खड्डे जागेवरच, बारही जागेवर. फक्त सात-बारा बदलला. पुढे जुलै २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीत असं करायला कोर्टानंही मुभा दिली.

पण त्या धामधुमीत अक्कल चालवली ती केरळात परवूरच्या एका बारवाल्यानं. त्यानं दारापर्यंत वळणावळणाचा भुलभुलैया उभा केला, म्हणजे रस्त्यावरून चालत गेलं की अंतर पाचशे मीटरच्या वर भरावं. गिऱ्हाईक येताना भुलभुलैया नीट पार करायचं. जाताना काय व्हायचं ते बातमीत नव्हतं. करमणूक उद्यान, थीम आणि बार यांचा इतका निर्दोष संगम मी दुसरा ऐकलेला नाही, आणि त्या भल्या माणसानं त्या खेळाचं तिकीटही लावलं नाही.

एवढं बोलून झाल्यावर आबा म्हणाले, बार राहू दे, आधी भरीत पार्टी करून पाहू. थंडीचे दिवस होते, वांगी आली होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जळगावचं भरिताचं वांगं म्हणजे हिरवट-पांढरं, हातभर, बिया मोजक्या. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आसोदा, बामणोद या गावांची नावं आमच्याकडे वांग्यांमुळे आदरानं घेतली जातात. आसोदा हे बहिणाबाईंचं माहेर आहे हे लोकांना नंतर आठवतं. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची. गॅसवर भाजलेल्या भरिताला आमच्याकडे ‘ठीक आहे’ म्हणतात, म्हणजे वाईट. भाजून सोलून लाकडी भांड्यात मुसळानं ठेचायचं, वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल हात न आखडता. सोबत कळण्याची पुरी नाहीतर भाकरी.

या पार्टीत बार असतोच. पाटी नसते. वांगी भाजायला घरातले सगळे पुरुष इतक्या तळमळीनं पुढे येतात की अनोळखी माणसाला वाटावं, काय हे कष्टाळू लोक! एरवी पाण्याचा पेला न उचलणारा माणूस तासभर धुरात उभा राहतो. कारण आग बांधाच्या पलीकडे पेटवलेली असते, बायका विहिरीजवळ पात चिरत असतात, आणि थंड पेयाच्या बाटलीतलं पेय थोडं फिकट असतं. वांगी आठ, भाजणारे चौदा. हाच खान्देशचा मूळ थीम बार. अबकारी खात्याला यातलं काही माहीत नाही आणि माझ्या लेखनामुळे माहीत व्हावं अशी माझी इच्छा नाही.

भाच्यानं या पार्टीचं दरपत्रक तयार केलं. वावरात प्रवेश माणशी शंभर. काड्यांवर भाजण्याचा अनुभव दोनशे. मुसळ धरून फोटो पन्नास. भरीत-पुरी ताट तीनशे. भरीत दुसऱ्यांदा घेतल्यास चाळीस. ‘फार्म-टू-फायर’ असं काहीतरी नाव देऊन ते फोनवर फिरवलं. पहिला फोन धरणगावहून.

“आम्ही बारा जण येतो. वांगी आमची, तेल आमचं, पुऱ्या घरून आणतो. तुम्ही फक्त जागा द्या. जागेचं काय घेणार?”

दुसरा फोन अमळनेरहून. त्यांचं म्हणणं, आम्ही सात जण, पण दोघं उपास करणारे आणि एक जण भरीत खात नाही, नुसता वास घेतो. त्याचे अर्धे लावा. तिसरा फोन आबांच्या व्याह्यांचा. त्यांना दरपत्रकाचा राग आला होता. व्याह्यांकडून पैसे? आबांनी फोनवरच शपथ घेऊन सांगितलं की ते पोराचं काम आहे, पोरगा पुण्याचा आहे. ‘पुण्याचा आहे’ म्हटल्यावर व्याह्यांचा राग गेला आणि सहानुभूती आली.

तरी गाड्या आल्या. प्रवेशाचे शंभर लोकांनी कुरकुरत दिले, कारण पार्किंगला सावली होती. भाजण्याचे दोनशे कुणीच दिले नाहीत. उलट भाजायला जायची परवानगी द्यावी म्हणून बांधापलीकडची मंडळी आपसात वर्गणी काढत होती, ती कशासाठी हे सुज्ञांनी ओळखावं. ताटाचे तीनशे बऱ्यापैकी मिळाले. मग पंगत बसली आणि एका काकूंनी भरीत पुन्हा मागितलं. वाढणारा पोरगा वाढायला वाकला, तेवढ्यात भाच्यानं लांबून आवाज दिला, “काकू, एक्स्ट्राचे चाळीस होतील हं.”

पंगत थांबली. मुसळही थांबलं. काकूंनी ताटावर हात आडवा धरला. “मंग राहू द्या भाऊ.” एवढंच म्हणाल्या. पण त्या ज्या स्वरात म्हणाल्या त्या स्वरावर आमच्याकडे सोयरिकी मोडलेल्या आहेत. आबा धावत आले, हातानं काकूंच्या ताटात भरिताचा डोंगर केला, शेजारच्या ताटात केला, पुढच्या ताटात केला, आणि पंगत संपेपर्यंत वाढत राहिले. परतीच्या वाटेवर प्रत्येक गाडीनं ‘पुढच्या आठवड्यात भावकी घेऊन येतो’ असं सांगितलं. भाच्यानं रात्री हिशेब मांडला. ताटामागे तोटा निघाला होता, पण पुढच्या तीन रविवारांच्या खाटा भरल्या होत्या.

मला यातून जे दिसलं ते असं. खान्देशी माणूस बाटलीवर दुप्पट देतो, तोंड वाकडं करतो पण देतो. पार्किंगचे देतो, एसीचे देतो, आठवणीच्या मगाचेही देईल, निदान एकदा. पण जे अन्न पहिल्या वाढण्याला ताटात आलं ते दुसऱ्या वाढण्याला विकायला काढलं की तो गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणा होतो, आणि अपमान झालेला पाहुणा होतो. मग त्याच्याशी कोणत्याही भावानं व्यवहार होत नाही. हायवेवरचा वेटर, जो आठवीत शाळा सोडून आला, त्याला हे कळतं. तो जास्तीचा रस्सा ठेवून जातो आणि बिलात लिहीत नाही. मालकानंही त्याला कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात ज्यांना कुणाला थीम बार काढायचा असेल त्यांनी खुशाल काढावा. जिराफ उभे करा, यंत्रमानव नाचवा, दानियालच्या नळ्या विका, रुमालाखाली भाव करा. बाटलीवर जितकं लावता येईल तितकं लावा, कोर्टाची हरकत नाही. फक्त शेवभाजीच्या रश्शाचे पैसे लावू नका. आबांच्या भाषेत, रस्साना पैसा लेवाना नहीत. बाकी व्हॅट वगैरे सरकार बघून घेईल.